टॅनर पुलापाशी उभी गाडी

...तर ती गाडी त्या गुरुवारीही तिथंच उभी होती. टॅनर पुलाच्या अलीकडे, विलोच्या झाडाखाली, तोंड रस्त्याकडे आणि पाठ नदीकडे करून. फिकट हिरव्या रंगाची लांबोडकी गाडी, मागचं दार सुतळीनं बांधलेलं. पुढच्या काचेमागं पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, "वरच्या अंगाला आहे." लॉकी मीकलनं आपली गाडी हळू केली, पुठ्ठा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि हॉर्न न वाजवता तो पुढं निघून गेला. सहा फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुट्टीपासून मोजलं तर सतरावा दिवस होता तो.

आता माताउरा नदीवर ज्याची गाडी आधी, त्याचं पाणी. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कुणी मोडतही नाही. पुलापाशी गाडी दिसली की आपण समजायचं, माणूस पाण्यात आहे. पुठ्ठा वाचायचा, तो वर गेला असेल तर आपण खाली जायचं, आणि तेही जिवावर येत असेल तर दुसरा पूल गाठायचा. काठाकाठानं चालत जाऊन "कोण आहे रे?" म्हणून डोकावणं म्हणजे परक्याच्या न्हाणीघराचं दार ढकलण्यासारखं. पाण्यातला ट्राउट मासा पावलांच्या हादऱ्यानं पळतो, आणि एकदा पळाला की त्या माणसाचा दिवस संपला. म्हणून सतरा दिवसांत गोर गावातला एकही गळवाला त्या काठावर दोनशे पावलं चालून गेला नव्हता. सगळे पुलावरून पुठ्ठा वाचत होते आणि ओसी रॅबिजला शिव्या देत होते.

गाडी ओसीची, हे सगळ्यांना ठाऊक. ओसी म्हणजे एकटा राहणारा, ब्याऐंशी वर्षांचा, हिरव्या टोपीचा म्हातारा. घर गावापासून लांब, फोन नाही, लग्न नाही, आणि कुणी "काय ओसी, बरं आहे ना?" विचारलं तर "तुला काय करायचंय?" असं उत्तर. वर्षातलं सगळ्यात चांगलं पाणी, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत, हा म्हातारा एकटा अडवून बसलाय, असं सगळ्यांचं मत झालं होतं. कुणी म्हणे तो पहाटे चारला येतो. कुणी म्हणे जातच नाही, गाडीत झोपतो, गादी नेलीय त्यानं.

लॉकीचा राग जरा वेगळा होता, कारण लॉकीला शनिवारी ते पाणी हवं होतं.

लॉकी वाटाड्या होता. शहरातून माणसं यायची, त्यांना एक दिवस नदीवर न्यायचं, मासा दाखवायचा आणि जमलं तर त्यांच्या गळाच्या काठीला लावून द्यायचा, हा त्याचा धंदा. त्याआधी एकतीस वर्षं त्यानं मांसाच्या कारखान्यात मेंढ्यांची हाडं सोडवली. कारखान्यानं अर्धी माणसं कमी केली तेव्हा लॉकी पन्नाशीचा होता. घरी बसून बायकोच्या पायात येण्यापेक्षा तो नदीवर जाऊन बसू लागला. एकदा इन्व्हरकार्गिलच्या एका वकिलानं त्याला विचारलं, मासा कुठं आहे? लॉकीनं बोट दाखवलं. वकिलाला दिसेना. लॉकीनं त्याची मान धरून वळवली, मेंढीची वळवावी तशी, आणि म्हणाला, "तो बघ, दगडामागं शेपूट हलतंय." वकिलाला दिसलं, मासाही लागला, आणि त्यानं शहरात जाऊन दहा जणांना सांगितलं. त्याला अठरा वर्षं झाली.

लॉकीची बायको नोला म्हणायची, मुलीच्या लग्नाची तयारी सुद्धा यानं दोन दिवसांत उरकली होती, पण एका दिवसाच्या मासेमारीला चार दिवस लागतात. ते खोटं नव्हतं. गिऱ्हाइकाला तो आधी फोनवर तीन प्रश्न विचारायचा. उजव्या हातानं काठी धरतोस की डाव्या? गुडघे कसे आहेत? आणि बैलाच्या कुरणातून चालत जायला भीती वाटते का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर तो माणूस थापाड्या आहे असं समजून सोपी जागा निवडायचा. मग वारा बघायचा. वायव्येकडून आला तर नदी उलटी वाचायची, म्हणजे पलीकडच्या काठावरून. पाण्यावर दुपारी कुठले कीटक उमलतायत ते बघून तसल्याच रंगाच्या बनावट माश्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बांधायचा, पिसांच्या, दोऱ्यांच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. नोलाच्या भाकरीत एकदा त्यातली एक सापडली होती. तिनं ती ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "गळ लागला बघ, तुझ्या बायकोला लागला."

आणि शेवटी तो पूल ठरवायचा. एक नाही, तीन. पहिल्यावर कुणाची गाडी असेल तर दुसरा, दुसऱ्यावर असेल तर तिसरा. तिसरा पूल म्हणजे जनावरांच्या बाजारामागचा ओढा. तिथं जायची वेळ अठरा वर्षांत चारदा आली होती, आणि त्यातल्या तीन एकाच गिऱ्हाइकाच्या नशिबी.

ते गिऱ्हाईक म्हणजे क्लाइव्ह बर्टनशॉ.

क्लाइव्ह इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात प्लास्टर घालायचा. मोडलेल्या हाताला त्याचा हात लागला की रडणारं पोर गप्प व्हायचं, इतका हळुवार. पण त्याच हातात काठी दिली की तो माश्या मारल्यासारखी दोरी पाण्यावर आपटायचा. पहिल्या वर्षी नदीला पूर होता. दुसऱ्या वर्षी वारा होता, आणि क्लाइव्हच्या गळाला लागला तो लॉकीचा कान. क्लाइव्हनंच गळ काढला, इतक्या सफाईनं की रक्ताचा थेंब आला नाही, वर म्हणाला, "आज काहीतरी तर लागलं." तिसऱ्या वर्षी मात्र खरोखरच एक मासा वर आला, माशी तोंडात धरली, आणि क्लाइव्ह दचकून त्याला "सॉरी" म्हणाला आणि काठी खसकन ओढली. मासा गेला. तेव्हापासून गोरच्या गळवाल्यांच्या क्लबात क्लाइव्हचं नाव पडलं, लॉकीचा शाकाहारी.

हसायला ठीक होतं, पण लॉकीला ते सलायचं. अठरा वर्षांत तीनदा येऊन रिकाम्या हातानं गेलेला असा हा एकच माणूस. आणि आता चौथं आणि शेवटचं वर्ष. क्लाइव्हनं घर विकलं होतं. ब्रिस्बेनला मुलगी होती, सोमवारचं विमान होतं, आणि तिकडे ट्राउट नाहीत. त्यामुळे शनिवारी क्लाइव्हला मासा मिळाला तर मिळाला, नाहीतर जन्मात नाही. क्लाइव्ह हे हसत हसत सांगायचा. लॉकी हसायचा नाही.

गुरुवारी दुपारी, इस्पितळातल्या जेवणाच्या सुट्टीत, क्लाइव्हचा फोन आला. लॉकीनं यादी वाचायला सुरुवात केली. लोकरीचे मोजे दोन जोड. सकाळी सहाला गोरमधल्या माशाच्या मोठ्या पुतळ्यापाशी. डबा आणू नकोस, नोला चीज रोल करतेय. मग त्यानं मुख्य गोष्ट काढली, गेल्या वर्षीच्या "सॉरी"वरचा उपाय. मासा माशी घेतो तेव्हा लगेच ओढायचं नसतं, त्याला तोंड मिटून खाली वळू द्यायचं असतं. लॉकी म्हणाला, "मासा वर आला की मनात आपलं पूर्ण नाव म्हण. क्लाइव्ह अर्नेस्ट बर्टनशॉ. नाव संपलं की काठी उचल. आधी नाही, नंतर नाही."

क्लाइव्हनं ते दोनदा म्हणून दाखवलं. मग म्हणाला, आमच्याकडं एक म्हातारा आहे, तोही हेच सांगतो.

"कुठला म्हातारा?"

"नाव विचारू नकोस, सांगता येत नाही आम्हाला. तुमच्याच बाजूचा आहे. कंबरेचं हाड. मी शेजारच्या खाटेवर एकाचा हात बांधत होतो, तर हा माझ्याकडं बघून म्हणतो, तू काठी कोपरातून फेकतोस, होय ना? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणतो, बँडेजसुद्धा कोपरातून बांधतोयस."

लॉकीच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यानं विचारलं, टोपी आहे का?

"हिरवी. झोपतानाही काढत नाही. दिवसातून दहादा खिडकी उघडायला लावतो, वारा कुठला बघायला. सिस्टर म्हणाली, तुमची गाडी कुणाला आणायला सांगू का? तर केवढ्यानं ओरडला. म्हणाला, माझी गाडी आहे तिथं बरी आहे, तिला कुणी हात लावायचा नाही."

"कधीपासून आहे तिथं?"

"सहा तारखेपासून. सुट्टी होती ना, त्या दिवशी मीच होतो ड्यूटीवर. पलीकडच्या काठावरचा कुणी नवा गोठेवाला, फिलिपिनो, त्यानं ट्रॅक्टरवर घालून बाहेर काढला म्हणे. त्याला बिचाऱ्याला काय माहीत हा कोण."

फोन ठेवल्यावर लॉकीनं हिशेब केला. सतरा दिवस. सतरा दिवस टॅनर पुलाच्या वरच्या पाण्यात एका माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. चार दिवस माणूस दिसला नाही तर ट्राउट उथळात येतो. दहा दिवस दिसला नाही तर माणूस म्हणजे काय हेच विसरतो. सतरा दिवसांनंतर तिथं क्लाइव्हनं दोरी आपटली काय आणि दगड टाकला काय. आणि नियमाचं म्हणाल तर माणूस पाण्यात नसला की पाणी मोकळं. ओसी खाटेवर होता. म्हणजे पाणी मोकळं होतं, फक्त ते एकट्या लॉकीला ठाऊक होतं.

त्याच दुपारी उशिरा तो दुर्बीण घेऊन टेकडीवरच्या रस्त्यानं गेला. काठावर उतरला नाही. वरूनच त्यानं लांब डोह पाहिला. सात मासे वर येत होते. एक तर, पुरात वाहून आलेल्या कुंपणाच्या खांबाजवळ, इतका निवांत की खाटेवर पडून द्राक्षं खाणारा माणूसच. लॉकीनं त्या खांबापासून काठापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. नऊ हात. क्लाइव्हलाही जमेल असं. घरी आल्यावर त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, जिथं तो पूल टिपायचा, शनिवारपुढं लिहिलं, टॅनर. पुढचे दोन पूल लिहिलेच नाहीत. नोलानं ते पाहिलं आणि विचारलं, ओसी हलला का तिथून? लॉकी म्हणाला, बघू. नवरा "बघू" म्हणाला की काहीतरी दडवतोय, हे तिला एकेचाळीस वर्षांत कळलं होतं. पण ती चीजच्या कामात होती.

शुक्रवारी पाचला क्लबाची बैठक होती. बोलिंगच्या हिरवळीमागं एक पत्र्याचा हॉल आहे, तिथं. एरवी बैठकीला आठ माणसं येतात. त्या दिवशी बावीस आली, कारण विषय ओसीचा होता. चिटणीस व्हर्ना स्टोबीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ओसीला द्यायचं पत्र लिहून आणलं होतं. ते पत्र असं होतं की रागावलेल्या माणसानं लिहिलं असतं तर बरं, पण हे थंड डोक्यानं लिहिलेलं होतं. "नदी ही सर्वांची आहे याचा आपणास विसर पडला असावा." "आपल्या वयाचा आदर राखून." "यापुढे क्लबाच्या सभासदांच्या यादीत आपले नाव." असं तीन परिच्छेद. शेवटी सही करायला रिकाम्या ओळी.

लॉकी मागं, चहाच्या मोठ्या बंबापाशी उभा होता. कपात चहा घेत होता, थेंब थेंब.

चर्चा झाली. चर्चा म्हणजे एकानं एक सांगायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालायची. ओसीचा बापही असाच होता. दुष्काळाच्या वर्षी त्यानं झऱ्यावर कुत्रा बांधला होता. ओसीनं पन्नास वर्षांत कुणाला एक माशी उसनी दिली नाही. कुणी म्हणालं, काल मी त्याला स्वतः पाहिलं, वरच्या वळणावर, पाठमोरा. हे ऐकून लॉकीला ठसका लागला. शेजारच्या बाईनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "बघ, लॉकीलाही राग आवरेना."

आता लॉकीच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायचं तर दोनच गोष्टी. बोललो तर हे बावीसजण उद्या सकाळी टॅनर पुलावर. नाही बोललो तर हे पत्र सोमवारच्या टपालानं ओसीच्या घरी, आणि तो घरी येईल तेव्हा दारात पडलेलं. तिसरी वाटही त्यानं शोधून पाहिली. आज सही करू नये, गप्प बसावं, रविवारी सगळं सांगावं, सगळे ओशाळतील, पत्र फाडतील, चहा पितील, विषय संपेल. मधल्या शनिवारी क्लाइव्हचा मासा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. एक दिवसाचा तर प्रश्न.

व्हर्नाबाईंनी कागद फिरवायला दिला. पेन पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. अकरा सह्या झाल्या. बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाचा विरोध आहे का? 

लॉकीनं कप खाली ठेवला. "ओसी पाण्यात नाही," तो म्हणाला. "अठरा दिवस तो इन्व्हरकार्गिलला इस्पितळात आहे. पहिल्याच दिवशी पडला. कंबर मोडलीय."

 ज्यानं काल ओसीला पाठमोरा पाहिला होता, तो आपल्या बुटांकडं बघू लागला. पेन ज्याच्या हातात होतं त्यानं ते शेजाऱ्याच्या हातात दिलं, शेजाऱ्यानं खुर्चीवर ठेवलं. व्हर्नाबाई उठल्या, कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले, आणि कचऱ्याची टोपली दूर होती म्हणून ते आपल्या कोटाच्या खिशात घातले. मग त्या म्हणाल्या, आपल्यापैकी एकानंही जाऊन बघितलं नाही. त्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, बाई, बघायला जायचं कसं, त्याची गाडी होती ना तिथं. आणि सगळ्यांनी मान डोलावली, व्हर्नाबाईंनीसुद्धा.

फुलांचं ठरलं. जॅमच्या बरणीचं ठरलं. इस्पितळात कुणी कधी जायचं याच्या पाळ्या लागल्या. हे सगळं अगदी मनापासून झालं, त्यात खोट नव्हती. मग मागच्या रांगेतून एकानं, आवाजात जमेल तेवढी काळजी ठेवून, विचारलं, "म्हणजे टॅनरच्या वर अठरा दिवस कुणी उतरलंच नाही म्हणायचं?"

बावीसही माणसं आपापल्या टोप्या शोधू लागली.

घरी आल्यावर लॉकीनं कॅलेंडरमागच्या "टॅनर"खाली आणखी दोन पूल लिहिले. नोलानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती चीज रोल फडक्यात गुंडाळत होती. तिनं दोन जास्तीचे टाकले आणि म्हणाली, "तिसऱ्या पुलापर्यंत भूक लागेल."

शनिवारी उजाडता उजाडता लॉकी आणि क्लाइव्ह टॅनर पुलावर पोहोचले. हिरव्या गाडीमागं पाच गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या दोघींच्या काचांवर दव साचलं होतं, म्हणजे रात्रीपासूनच आणून ठेवलेल्या. हे नियमाच्या अगदी काठावर होतं, पण नियमाबाहेर नव्हतं. प्रत्येकीत पुठ्ठा होता. हिरव्या गाडीच्या टपावर कुणीतरी प्लमच्या जॅमची बरणी ठेवली होती आणि खाली चिठ्ठी, लवकर बरा हो. क्लाइव्हनं पाचही पुठ्ठे वाचले. लॉकीनं त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं, गुरुवारची दुर्बीण आणि खांबाजवळचा मासा सुद्धा.  खांब कुठला, एवढंच क्लाइव्हनं विचारलं. पुलावरून तो दिसत नव्हता.

दुसऱ्या पुलावर दोन गाड्या होत्या. ज्यांना टॅनरला जागा मिळाली नव्हती त्यांच्या.

मग जनावरांच्या बाजारामागचा ओढा. लॉकीनं तिथंही आपलं काम सोडलं नाही. क्लाइव्हला पुढं, स्वतः मागं, कमरेत वाकून, एकेक वळण बघत. पॅरडाइज बदकांची जोडी त्यांच्यापुढं उडत जाऊन ओरडत राहिली, साऱ्या ओढ्याला वर्दी देत. वायव्येचा वारा नऊला सुटला. दुपारपर्यंत त्यांनी तीन मासे पाहिले, तिघांचीही पाठ पाहिली. बाजाराच्या बाजूनं मेंढ्यांचा आवाज येत होता, आणि लॉकीला एकतीस वर्षं त्या आवाजाची सवय होती, म्हणून त्याला तो ऐकूही येत नव्हता.

दोनच्या सुमाराला, एका वाकलेल्या विलोखाली, लॉकीला शेपूट दिसलं. मोठं नव्हतं, पण होतं. त्यानं क्लाइव्हला गुडघ्यावर बसवलं, तांदळाच्या दाण्याएवढी माशी बांधली, आणि कोपर त्याच्या बरगडीशी दाबून धरलं. दहा वेळा माशी चुकली. फांदीवर, गवतात, एकदा क्लाइव्हच्या स्वतःच्या टोपीवर. मासा गेला नाही. हे त्या माशाचं मोठेपण म्हणायचं. अकराव्या वेळी माशी अशी उतरली की लॉकीलाही वाटलं, ही आपणच फेकली. पाणी जरासं फुगलं, काळं नाक वर आलं, आणि माशी दिसेनाशी झाली.

क्लाइव्ह दचकला नाही. सॉरी म्हणाला नाही. त्यानं शांतपणे, शिकवल्याप्रमाणे, ओठ हलवत म्हटलं, क्लाइव्ह अर्नेस्ट बर्टनशॉ. पण अडतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या माणसाचं नाव तिथं संपत नाही. रोज शंभर माणसांना तो विचारायचा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. त्यामुळे ओठ हलतच राहिले, तेवीस, नोव्हेंबर, एकोणीसशे. सालापर्यंत पोहोचला तेव्हा माशानं माशी थुंकून टाकली होती. क्लाइव्हनं काठी उचलली. दोरी हलकी वर आली, तिच्यापुढं तांदळाचा दाणा, ओला.



"जन्मतारीख कुणी सांगितली होती?" लॉकी म्हणाला.

"विचारतात ना, पाठोपाठ," क्लाइव्ह म्हणाला, आणि हसायला लागला, आणि हसता हसता काठावर बसला. लॉकीही बसला. त्याला हसू आलं नाही, पण त्यानं प्रयत्न केला.

त्यानंतर मासा दिसला नाही. चार वाजता त्यांनी फडकं सोडलं. चीज रोल गार झाले होते, लोणी वर घट्ट बसलं होतं. क्लाइव्हनं तीन खाल्ले. ओढ्याच्या पलीकडं बाजारातून एक लॉरी निघाली, मेंढ्यांनी भरलेली. मग क्लाइव्हनं बोटं पुसली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखरच समजून घ्यायला विचारत होता, जसं एखादं हाड नक्की कुठं मोडलंय ते चाचपतात तसं. म्हणाला, "लॉकी, मी तुला दोष देत नाही. पण ओसी काय, पळून जाणार होता का? पत्र उद्याही फाडता आलं असतं. मी सोमवारी चाललो. तुला फक्त एक दिवस थांबायचं होतं."

लॉकीनं उरलेला रोल फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, ती पुन्हा सोडली आणि नीट मारली.

"थांबलो होतो की, क्लाइव्ह. गुरुवारी दुपारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबलोच होतो. त्याच्यापुढं नाही जमलं."